बर्फाला घाम फुटेपर्यंत

सिस्टरांनी लसीची बाटली हलवली, टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मावशी, दार लोटून घ्या."

मी दार लोटलं. लसीकरणासाठी गल्लीत घेतलेल्या त्या खोलीत आम्ही तिघीच होतो. मी, सिस्टर आणि खिडकीशी वापरलेल्या सुया डब्यात टाकत असलेली नवी सिस्टर. शेवटची आई नुकतीच लेकराला खांद्यावर थोपटत निघून गेली होती. तिची दुधाची बाटली पायरीवर राहिली होती, ती मी हाक मारून द्यायला निघाले होते, ती तशीच हातात राहिली.

"काय झालं?"

"बघा," सिस्टर म्हणाल्या.

बाटलीत थोडी लस उरली होती. एरवी हलवली की ती ताकासारखी एकसारखी पांढरी राहते. इथे मात्र वर नितळ पाणी आणि तळाशी भराभर बसत जाणारा गाळ. सिस्टरांनी डब्यात हात घालून दुसरी, न उघडलेली बाटली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. आत खडा झाला होता.

"गोठलीय," त्या म्हणाल्या. "दोन्ही एकमेकींना लागून होत्या. पहिली मी हातात धरून बसले, म्हणून वितळली. मला कळलंच नाही."

आता मी काही नर्स नाही. मी मदतनीस. नावं पुकारायची, लेकरांचे पाय धरायचे, टोचून झालेल्या लेकरांच्या आयांना अर्धा तास पायरीवर बसवून ठेवायचं, एवढं माझं काम. सगळे मला मावशी म्हणतात, माझ्याहून मोठेसुद्धा. पण इतकी वर्षं सिस्टरांबरोबर काढल्यावर हे मलाही ठाऊक होतं, की ही लस उन्हाने बिघडते त्याहून लवकर बर्फाने मरते. आणि एकदा मेली की वितळवून काही परत जिवंत होत नाही. सकाळपासून आम्ही त्या गल्लीतल्या लेकरांना जे टोचलं ते नुसतं गढूळ पाणी होतं.

चूक दुसऱ्या कोणाची असती तर मी तिथेच तिची खरडपट्टी काढली असती. पण ही चूक सिस्टरांची होती, आणि नेमकी त्या एका गोष्टीत, जिच्यासाठी त्या साऱ्या आरोग्य केंद्रात प्रसिद्ध होत्या.

फ्रीझरमधून काढलेल्या बर्फाच्या पट्ट्या, म्हणजे पाणी भरून गोठवलेली प्लास्टिकची चपटी खोकी, लसीच्या डब्यात तशाच कोंबायच्या नसतात. आधी टेबलावर मांडून ठेवायच्या. वर पाणी सुटलं, घाम फुटला, की एकेक कानाशी धरून हलवायची. आतलं पाणी बोललं की मगच डब्यात. सिस्टर हे देवपूजेसारखं करायच्या. गाडीवाला खाली हॉर्न वाजवून वाजवून थकायचा. एकदा डॉक्टर स्वतः वर आले आणि म्हणाले, अहो सिस्टर, किती वेळ? सिस्टर पट्टी कानाशी धरूनच म्हणाल्या, "बर्फाला घाम फुटू द्या डॉक्टर. तोवर तुम्हीही जरा तुमचा पुसून घ्या." डॉक्टर हसत खाली गेले.

तर अशी बाई. आणि त्या सकाळी तिने पट्ट्या कानाशी धरल्या नाहीत.

याचं कारण होती शिवणवाली.

शिवणवाली त्या गल्लीच्या शेवटच्या खोलीत राहते. नवरा कामासाठी बाहेरगावी, घरात ही, एक शाळेत जाणारी मुलगी आणि मांडीवरचा मुलगा. मुलगी लहान असताना तिला कुठेतरी इंजेक्शन दिलं होतं. कोणी सांगितलंच नाही की ताप येईल म्हणून. रात्री पोर तापली, डोळे फिरवले, झटका आला. ही एकटी. मुलीला पुढे काही झालं नाही, चांगली धडधाकट आहे, चुरूचुरू बोलते. पण सासरच्यांनी हिला वर्षभर फाडून खाल्लं, की हौस होती ना टोचायची, भोग आता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मुलगा झाल्यावर तिने त्याला केंद्राची पायरी दाखवली नाही.

सिस्टरांच्या जागी आमच्यासारखी असती तर दोनदा गेली असती, तिसऱ्यांदा तोंडावर बोलून आली असती. सिस्टर उशीचे अभ्रे शिवून घ्यायला जायला लागल्या. त्यांच्या घरात माणूस एक, उशा दोन आणि अभ्र्यांचं कपाट भरत चाललेलं. मी म्हटलं, "सिस्टर, आता काय डोक्याखाली गोदाम घेऊन झोपणार का?" त्या नुसत्या हसल्या. तिथे जाऊन त्या लसीचं नावही काढत नसत. कापड द्यायच्या, बसायच्या, बाळाचे पाय चोळून द्यायच्या, परत यायच्या. शेवटी एक दिवस तिनेच विचारलं, "ताप किती येतो?" आणि सिस्टरांनी सगळं सांगितलं. ताप येईल, पाय सुजेल, रात्रभर रडेल, क्वचित एखाद्याला झटकाही येतो, आला तर काय करायचं, कोणाला फोन करायचा. काही लपवलं नाही. मी आपली बाजूला बसून मनात म्हणत होते, बाई, एवढं सांगू नका, हातचं पाखरू उडेल.

उडालं नाही. लसीकरणाच्या दिवशी सकाळीच तिची मुलगी शाळेत जाताना केंद्रात निरोप ठेवून गेली, की आई आज येणार आहे, पण लगेच या, नाहीतर तिचं मन बदलेल. त्यातच तिच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात एक तान्हं डांग्या खोकल्याने बेजार झालं होतं, ज्याच्यावर हीच लस. खोकताना निळं पडायचं. सिस्टरांनी फ्रीझर उघडला, पट्ट्या ओढून काढल्या, डब्यात लावल्या, बाटल्या ठेवल्या आणि डबा खांद्याला अडकवून निघाल्यासुद्धा. मी धावत मागे. मी डबा भरलेलाच बघितला, मला वाटलं, पट्ट्या आधीच काढून ठेवल्या असतील.

शिवणवाली पहिलीच आली. सिस्टर बाटली मुठीत धरून कितीतरी वेळ तिच्याशी बोलत राहिल्या. नजर तिच्या चेहऱ्यावरून हलू दिली नाही, बाटलीकडेसुद्धा बघितलं नाही. ती उठून जाईल ही भीती. मग मुलाला टोचलं, तो कळवळून रडला आणि शिवणवालीच्याही डोळ्यांना धार लागली. सिस्टर तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "झालं. झालं गं." त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यांच्या बढतीच्या वेळीही बघितला नव्हता.

आणि आता ही बाटली.

"सिस्टर," मी दाराला पाठ लावून म्हटलं, "कोणाला काही कळलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या डोसाला येतीलच की सगळी. तेव्हा चांगलं टोचा. एक डोस कमी पडला म्हणून काय होतंय?"

नवी सिस्टर मान खाली घालून सुया टाकत होती. तिचे कान तेवढे लाल झाले होते.

"आया आज निर्धास्त झोपतील," सिस्टर म्हणाल्या. "शेजारी खोकणारं पोर असलं तरी म्हणतील, आमच्याला टोचलंय. मी त्यांना खोटं निर्धास्त केलंय, मावशी."

"आणि शिवणवाली?" मी म्हटलं. "ती परत येईल का? पुढच्या डोसाची आशा होती, तीही घालवाल. तेलही जाईल, तूपही जाईल."

सिस्टरांनी गोठलेली बाटली माझ्याकडून घेतली. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. आडवळण नाही, पाल्हाळ नाही. मी पट्ट्या न तपासता डबा भरला, लस गोठली, तीच दिली, वर कळवा. डॉक्टर बराच वेळ काहीतरी सांगत होते. म्हणाले असतील, बघू, पुढच्या वेळी बोलावून घेऊ. सिस्टर म्हणाल्या, "होय, पुढच्याच वेळी परत देऊ. पण सांगायला मी आजच जाते."

आम्ही गेलो. नव्या सिस्टरलाही त्यांनी बरोबर घेतलं. ती म्हणाली, मी कशाला? तर म्हणाल्या, "चूक कशी सांगायची तेही शिकून घे. पुस्तकात नाही ते."

पहिल्या घरी आजोबा होते. त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही फुकटच रडवलंत आमच्या नातीला?" सिस्टर म्हणाल्या, "हो आजोबा, फुकटच." आजोबांनी आत जाऊन पाणी आणून दिलं. दुसऱ्या घरी रिक्षावाल्याची बायको तडकली. कामाचा खाडा झाला होता, पुन्हा होणार. तोंडाला येईल ते बोलली, शेजारच्या बायका गोळा झाल्या. माझ्या जिभेवर चांगलं ठेवणीतलं उत्तर आलं होतं, पण सिस्टरांनी मनगट धरलं. त्यांनी ते सगळं उभ्याने ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुला पहिला नंबर देते, लवकर मोकळी होशील." ती फणकारली, पण हो म्हणाली. एकेक घर करत आम्ही शेवटच्या खोलीपाशी पोचलो तेव्हा मशीन चालू होतं.

आम्हाला बघून शिवणवाली हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"अहो, तुम्ही कशाला आलात एवढ्या?" ती म्हणाली. "अजून तरी ताप नाही. पाय थोडा लाल आहे, तुम्ही सांगितलं तसा ओला कपडा ठेवलाय. बसा ना." तिने मशीनवरून एक अभ्रा ओढून काढला, दोरा दातांनी तोडला आणि पुढे धरला. "हा बघा. झालर लावलीय. हा माझ्याकडून."

सिस्टरांनी हात पुढे केला नाही. मुलगा गादीवर झोपला होता, त्याच्या मांडीवर घडी केलेलं ओलं फडकं होतं. भिंतीपलीकडे खोकला सुरू झाला. एकामागून एक, श्वासाला जागाच नाही, आणि शेवटी ती लांब, वर ओढलेली किंकाळी. थांबेपर्यंत आम्ही तिघी तशाच उभ्या राहिलो.

मग सिस्टरांनी सांगितलं. बर्फ, पट्ट्या, घाम, कानाशी धरून ऐकायची रीत, सगळं. आज ऐकलं नाही हेही. "लस मेलेली होती. तुझ्या मुलाला अजून काहीच मिळालेलं नाही. परत टोचावं लागेल."

शिवणवालीने अभ्रा मांडीवर घेतला आणि झालरीवरून बोट फिरवत राहिली.

"परत," ती म्हणाली.

"परत."

"तुमच्या हातून झालं?"

"माझ्याच."

"मी लसीवर विश्वास ठेवून आले नव्हते," ती अगदी हळू बोलत होती. "मला त्यातलं काय कळतंय? मी तुमच्यावर ठेवून आले होते."

ती रिक्षावाल्याच्या बायकोसारखी तडकली असती तर बरं झालं असतं. तिने अभ्र्याची घडी केली, मशीनच्या मागे ठेवली आणि आम्हाला बसा म्हणाली नाही. परतताना सिस्टर गल्लीच्या तोंडाशी थांबल्या, चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा, आणि मग चष्मा पुसायचा.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या दाराच्या कडीला एक पिशवी अडकवलेली होती. आत सिस्टरांनी शिवायला दिलेलं उरलेलं कापड. कात्री न लावलेलं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. सिस्टरांनी ते कपाटात टाकलं आणि लसींच्या फ्रिजचं तापमान बघायला गेल्या.

पुढचे दिवस वाईट गेले. वरून माणसं आली, प्रश्न विचारून गेली. सिस्टरांना समज मिळाली. त्यांनी ती निमूट घेतली. त्यांना त्याचं काही वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही, पण जेवायला बसल्या की त्या विचारायच्या एकच, "शेवटच्या खोलीकडे गेला होतात का?" मी मुद्दाम तिकडून जायचे. मशीन चालू असायचं. एकदा गेले तर भिंतीपलीकडच्या घराला कुलूप. तान्ह्याला मोठ्या दवाखान्यात हलवलं होतं, श्वासासाठी नळीवर ठेवलं होतं म्हणे. शिवणवाली दारात उभी राहून त्या कुलपाकडे बघत होती. मला बघितलं आणि आत गेली.

मी हे सिस्टरांना सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं.

लसीकरणाचा दिवस आला. पट्ट्या टेबलावर मांडल्या होत्या. सिस्टर एकेक कानाशी धरत होत्या, हलवत होत्या, परत ठेवत होत्या. घाम फुटून टेबलावर ओघळ आले, पाणी बोलायला लागलं, तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी त्यांनी पट्टी नव्या सिस्टरच्या कानाशी धरली. "ऐकू येतंय?" ती म्हणाली, हो. "नक्की?" ती म्हणाली, "नक्की, सिस्टर." मग डबा भरला.

गल्लीतली खोली उघडली. रिक्षावाल्याची बायको पहिली. आजोबा नातीला घेऊन आले आणि म्हणाले, "आज रडली तर फुकट नाही ना?" बायका हसल्या. एकेक करत सगळ्या आल्या, कोणी कुरकुरत, कोणी गप्प. दुपार झाली. पायरी रिकामी झाली. नवी सिस्टर आवरायला लागली.

"थांब जरा," सिस्टर म्हणाल्या.

मी गल्लीत डोकावले. कोणी नव्हतं. आत येऊन म्हटलं, "सिस्टर, ती नाही येणार. उगीच वाट बघता."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि हलल्या नाहीत.

बऱ्याच वेळाने शिवणवाली दारात आली. मुलगा कडेवर, केस विस्कटलेले, बोटात शिवताना घालायचं अंगुस्तान तसंच राहिलेलं. आत आली नाही. उंबऱ्यावरून म्हणाली, "बर्फ दाखवा."

सिस्टरांनी डब्यातून एक पट्टी काढून दिली. शिवणवालीने ती कानाशी धरली. हलवली. पुन्हा हलवली. तिचं तोंड बर्फाच्या बाजूने ओलं झालं. मुलगा तिच्या हाताकडे बघत होता. तिने पट्टी परत दिली.

"टोचायचंय," ती म्हणाली. "पण तुम्ही नको. ही मुलगी टोचेल."

माझं डोकं सणकलं. अगं, ज्या बाईने तुझ्यासाठी कपाटभर अभ्रे शिवून घेतले, भर गल्लीत शिव्या खाल्ल्या, जिच्या हाताखालून या गावाची अर्धी पोरं गेली, तिला तू नको म्हणतेस? मी तोंड उघडलंच होतं. सिस्टरांनी माझं मनगट धरलं. या वेळी त्यांचा हात थंडगार होता.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. खुर्चीवरून उठल्या आणि नव्या सिस्टरला म्हणाल्या, "बस इथे."

"सिस्टर, मी..." ती पोर रडकुंडीला आली.

"येतं तुला. बस."

"तुम्ही बाहेर थांबा," शिवणवाली त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "तुम्ही समोर असलात की मला..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

सिस्टर बाहेर गेल्या. हातातली पट्टी डब्यात ठेवायचंही त्यांना भान राहिलं नाही. मी मुलाचे पाय धरले. नव्या सिस्टरने बाटली दोनदा हलवून उजेडात बघितली, मग सुई लावली. मुलाने आधी श्वास ओढला, तोंड उघडं ठेवून आवाजाशिवाय क्षणभर तसाच राहिला, आणि मग जे भोकाड पसरलं की खिडकीवरची कबुतरं उडाली.

मी बाहेर आले. सिस्टर पायरीवर बसल्या होत्या, पट्टी मांडीवर. कपड्याला मोठा ओला डाग पडला होता.

"रडला?" त्यांनी विचारलं.

"ऐकलंत की."

"पूर्ण गेली ना आत?"

"पूर्ण गेली."

टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं, हा नियम. बसायला ही एकच पायरी. शिवणवाली बाहेर आली, थबकली, आणि मग सिस्टरांपासून हातभर अंतर सोडून बसली. मुलगा हुंदके देत देत तिच्या खांद्यावर शांत झाला. मी दारात उभी. दोघी समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. गल्लीतून एक सायकलवाला गेला, त्याने सिस्टरांना मान लवून नमस्कार केला. त्यांनीही केला.

वेळ झाली तशी शिवणवाली उठली.

"ताप आला तर?" तिने विचारलं, समोर बघतच.

सिस्टरांनी पुन्हा सगळं सांगितलं. औषध किती, ओला कपडा कुठे, कशाला घाबरायचं, कशाला नाही. ती ऐकत होती, मान हलवत होती.

"पुढच्या डोसाला हीच टोचेल ना?"

"हीच टोचेल."

"त्याच्या पुढच्यालाही?"

सिस्टरांनी वळून आत नव्या सिस्टरकडे बघितलं. "हो," त्या म्हणाल्या. "या गल्लीत आता हीच टोचेल."

"मग येईन," शिवणवाली म्हणाली आणि मुलाचं डोकं सावरत गेली.

आत नवी सिस्टर डबा बंद करत होती. मी म्हटलं, "चला सिस्टर, ओल्या झाल्या आहात, उठा." त्या हो म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. शेवटच्या खोलीचं दार उघडून लागेपर्यंत त्या बघत राहिल्या. मग त्यांनी मांडीवरची पट्टी उचलली, सवयीने कानाशी नेली आणि हलवली. एव्हाना तिच्यात बर्फ उरलाच नव्हता.